फिस्स! वाघाच्या मावशीचा पारा का चढला?

रात्री मांडीवर घुर्र घुर्र करत झोपलेली मनी सकाळी पोटरीला नख्या लावून धूम पळाली. पोटरीवर तीन लाल रेघा, तोंडावर एकच वाक्य : "आजवर कधी अशी वागली नव्हती हो!" पेडण्याच्या बाजारापासून डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत, मांजर असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच.

कोंकणीत माजर, मराठीत मांजर आणि चिडल्यावर थेट वाघीण! पण एक गंमत माहीत आहे का? हा राग 'अचानक' असतो तो आपल्यासाठी. मांजराने नोटीस केव्हाच दिलेली असते, आपण ती वाचलेली नसते. चला तर, आज मांजराची नोटीस वाचू या!

एक चेहरा, 276 नखरे

आपल्याकडे रस नऊ. मांजराच्या चेहऱ्यावरचे हावभाव किती, माहीत आहे का? तब्बल 276! लॉस एंजेलिसमधल्या एका कॅट कॅफेत 53 मांजरांचं चित्रीकरण करून दोन संशोधिकांनी 2023 मध्ये ही मोजदाद प्रसिद्ध केली. त्यातले सुमारे 45 टक्के हावभाव मैत्रीचे, 37 टक्के भांडणाचे. उरलेले? धड इकडचे ना तिकडचे. म्हणजे ज्या चेहऱ्याला आपण 'मख्ख' म्हणतो, त्यावर अख्खी मालिका चालू असते.

शेपूट हाच इंडिकेटर

कुत्र्याने शेपूट हलवली की स्वागत. मांजराने सपासप आपटली की सावधान! पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरली, कान आडवे झाले, बाहुल्या बशीएवढ्या झाल्या की कुरवाळणं तिथेच थांबवा. पुष्कळ मांजरांना लाड हवे असतात, पण मोजून मापून. कोटा संपला की पुढची पावती दाताने मिळते.

घामाचे ठसे, तापलेला कान

मांजराला घाम कुठे येतो, माहीत आहे का? पंजाच्या गादीला. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर ओले ठसे उमटले तर समजा, बाईसाहेब जाम टेन्शनमध्ये आहेत. आणखी भन्नाट : ताण वाढला की मांजराचा उजवा कान तापतो, असं ब्राझीलच्या संशोधकांना आढळलं. डाव्या कानाचा मात्र ताणाशी तसा संबंध दिसला नाही.

शेजारच्या बोक्याचा राग, वहिनीच्या मनगटावर

आता आमच्याच घरातली गोष्ट. चवथीचा दुसरा दिवस. माटोळीखाली पाहुण्यांची दाटी, बाहेर फटाके. मनी स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळीला नाक लावून. कुंपणावर शेजारचा पिवळा बोका ऐटीत बसलेला. मनीची शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुगली. घशातून खालच्या पट्टीतला लांबलचक आवाज. तेवढ्यात वहिनी तांब्या घ्यायला वाकली आणि तिच्या साडीची कड मनीला लागली. फिस्स! मनगटावर चार टिपके. आई दारातूनच ओरडली, "बाय, आता हात लावू नको तिला!"

आई अगदी बरोबर होती. याला म्हणतात वळवलेला राग. बोक्यापर्यंत पोचता येत नाही, मग जो जवळ तो बळी. सासूचा राग भांड्यावर, मनीचा राग मनगटावर!

मग करायचं काय? दार लोटा, दिवा मालवा, आत पाणी आणि मातीचा ट्रे ठेवा, आणि निघून या. उचलायचं नाही, समजवायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. कोंडीत पकडलेलं मांजर अंगावर येतं हे आजीलाही ठाऊक होतं. दोन मांजरांची जुंपली असेल तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा सरकवा. आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनं वर्तमानपत्र चिकटवा. बोका दिसला नाही की अर्धी लढाई संपली!

अर्ध्या तासात शांत होईल ना?

कधी होईल, कधी नाही. चढलेला पारा उतरायला काही मांजरांना तास लागतात, काहींना चक्क दोन-तीन दिवस. घाई केली की पहिल्यापासून सुरुवात. ती आपणहून जेवायला आली, अंग चाटू लागली, की समजा हिरवा सिग्नल.

64,000 चा कान

माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्रा 45,000 च्या आसपास थांबतो. आणि मनी? सुमारे 64,000! उंदराची बारीक चूंचूं टिपणाऱ्या या कानापाशी सुतळी बॉम्ब फुटला तर काय होत असेल, कल्पना करा.

आणि आपलं कॅलेंडर बघा. चवथीला फटाके आणि घुमट आरत्या. कोजागरीला पेडण्याची पुनव, हजारोंची गर्दी. दिवाळीच्या पहाटे नरकासुर, रात्रभर दणाणते स्पीकर. शिगम्यात ढोल-ताशे. घुमट तर 2019 पासून गोव्याचं वारसा वाद्य. सण हवेतच, पण त्या दिवसांत मनीसाठी एक आतली खोली राखून ठेवा. कपाटाचं एक दार उघडं, आत तिचीच मळकी चादर. ती धुवू नका हं, तिच्या वासातच तिचा धीर असतो.

पेडण्याच्या आकाशात तर एक नवा आवाजही आहे. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झालं, विमानं सुरू झाली 5 जानेवारी 2023 पासून. रोजच्या आवाजाला मांजर हळूहळू सरावतं. अवचित धडाडणाऱ्या आवाजाला सरावणं मात्र त्याला फार कठीण जातं.

खोका द्या, धोका टाळा

ऑनलाइन मागवलेली मिक्सरची भेट तुमची, खोका मनीचा! हा हट्ट नाही, औषध आहे. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्राणी निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना खोके दिले, काहींना दिले नाहीत. खोकेवाली मांजरं लवकर रुळली, त्यांचा ताण लवकर उतरला. खर्च? शून्य रुपये.

'ही कोण बाई?'

दोन मांजरं, सख्ख्या बहिणी. एक डॉक्टरकडे जाऊन आली आणि दुसरीने तिच्यावर झडप घातली. का? दवाखान्याच्या वासाने ओळखच पुसली! मांजराच्या जगात चेहऱ्यापेक्षा वास मोठा, आधार कार्डच म्हणा ना. उपाय सोपा : आलेलीला काही तास वेगळं ठेवा आणि एकच टॉवेल दोघींच्या गालांवर आलटून पालटून फिरवा. वास जुळला की सूर जुळला.

बांगडा, पण बेताने

गोव्यातल्या मांजराला मासळी नको म्हणणं म्हणजे गुन्हाच! पण माहीत आहे का? रोज नुसती तेलकट मासळी खाल्ल्याने ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजू शकते. मग नुसता हात लागला तरी मांजर कळवळतं आणि गुरगुरतं. कच्च्या माशांचं आणखी एक प्रकरण : पुष्कळ माशांमधलं एक द्रव्य बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. तेव्हा बांगडा शिजवून, काटे काढून, अधूनमधून. मुख्य जेवण मांजरासाठी बनवलेलं, समतोल असू द्या.

राग नव्हे, दुखणं!

आता क्षणभर गंभीर. अमेरिकेत 2002 साली 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. 90 मांजरांचे सांधे झिजलेले निघाले! म्हातारी मनी उचलताना चावते ती खोडसाळपणाने नव्हे, कळ येते म्हणून. दातदुखी, कानातली जखम, उतारवयातला थायरॉइड, सगळ्यांचा पहिला आवाज हाच : फिस्स. म्हणून स्वभाव बदलला की पहिली पायरी पशुवैद्य, दुसरी उपदेश.

आणि हे तर फ्रिजवर चिकटवून ठेवा. ताणामुळे मांजराचं मूत्राशय सुजू शकतं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही? सकाळची वाट पाहू नका. लघवी तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. आणि घरातली पॅरासिटामॉल? मांजरासाठी विष. अर्धी नाही, पाव नाही, चिमूटभरसुद्धा नाही.

गोव्याचा अव्वल नंबर

2021 मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य कोणतं, माहीत आहे का? आपलं गोवा! मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षाला सुमारे 95 हजार कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. कॉलर ताठ करण्याजोगी कामगिरी.

पण लस चुकवून चालणार नाही. मांजरालाही रेबीज होऊ शकतो आणि न टोचलेल्या मांजराचं अचानक पिसाळणं हे त्याचं लक्षण असू शकतं. शिवाय पेडणे आणि डिचोलीला लागून सावंतवाडी, दोडामार्ग. भटकी जनावरं चेकनाक्यावर थांबत नाहीत! चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचे दात सुईसारखे. जखम वरून टिपक्याएवढी, आत खोल. आमच्या वहिनीनेही हेच केलं. आरती अर्धी टाकून.

परसातला 'कॅटनिप'

परदेशात मांजरांना वेड लावणारं कॅटनिप महाग मिळतं. आपल्याकडे? पावसात बांधावर, परसात उगवणारी खोकली! तिची मुळी उपटून ठेवली की मांजरं लोळण घेतात, गाल घासतात, डुलतात. पण सांभाळून, पारा आधीच चढलेला असेल तर हा प्रयोग नकोच. मस्ती आणि मारामारी यांच्यात फार अंतर नसतं.

पावसाळी पॅकेज

जून ते सप्टेंबर मनी घरात अडकते. शिकार बंद, गस्त बंद, अंगातली वीज मात्र चालूच. मग ती तुमच्या चालत्या टाचांवर पडते. इलाज : सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवा, शेवटी ते पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. शोध, झडप, जेवण, झोप. तिचं टाइमटेबल पूर्ण, तुमच्या टाचा सुरक्षित!

मांजरांचा म्युझिक अल्बम

हो, खरंच! डेव्हिड टाय या संगीतकाराने खास मांजरांसाठी संगीत रचलंय, त्यात घुरघुरीची आणि दूध ओढण्याची लय मिसळलेली. लुइझियानातल्या संशोधकांनी ते दवाखान्यात वाजवून पाहिलं. शांतता आणि शास्त्रीय संगीत यांच्यापेक्षा या सुरांनी मांजरं जास्त निवांत राहिली.

38 वर्षांची आजीबाई

जगातलं सर्वांत दीर्घायुषी मांजर किती जगलं, माहीत आहे का? 38 वर्षं आणि 3 दिवस! टेक्सासमधल्या ऑस्टिनची क्रीम पफ, जन्म 1967, मृत्यू 2005. एवढी लांब सोबत मिळू शकत असेल, तर दोन दिवसांचा रुसवा सांभाळून घेणं काय कठीण?

शेवटचा डोळा!

डोळे मिटून दूध पिणारं मांजर सगळ्यांना ठाऊक. डोळे मिटून 'मी तुझीच' म्हणणारं? इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाने 2020 मध्ये दाखवून दिलं की आपण डोळे अर्धे मिटून हळूच उघडले, तर मांजरही तसंच उत्तर देतं आणि अशा माणसाजवळ यायला जास्त राजी असतं.

आमची मनी दीड दिवस कपाटात होती. वहिनी हातात पट्टी बांधून दारापाशी जमिनीवर बसायची, लांबूनच, तिच्याकडे न सरकता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जनाहून सगळे परतले, घर शांत झालं. कपाटाच्या अंधारात दोन हिरवे दिवे लागले. वहिनीने डोळे हळूच मिटले, हळूच उघडले. हिरवे दिवेही मिटले. उघडले. आणि मग मनी बाहेर आली आणि तिने पट्टीला गाल घासला.

आज संध्याकाळी तुमच्या मनीसमोर करून बघा. एक... दोन... मिटा डोळे!