खानेसुमारीच्या कागदांत पंडिता रमाबाई

इंग्लंडात १०० वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी जनगणनेची घरोघरची नोंद सर्वांना खुली होते. तिकडच्या लेखकांचे बिऱ्हाड, वय, नोकरचाकर त्यात सापडतात. पंडिता रमाबाई मात्र दोन्हीकडे निसटल्या. १८८३ ते १८८६ त्या इंग्लंडात होत्या, पण तिथल्या मोजण्या १८८१ आणि १८९१च्या. पुढची दोन-अडीच वर्षे अमेरिकेत गेली, तर तिकडच्या १८८० आणि १८९०च्या.

आपल्याकडे वेगळीच अडचण. तक्ते तयार झाले की घरोघरचे कागद रद्दी ठरत. आता तर १९४८च्या कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीयच आहे. तेव्हा हाती राहतात तारखा आणि रकाने.

त्यांवरूनही बरेच कळते. १७ फेब्रुवारी १८८१च्या रात्री रमाबाई विवाहित स्त्रियांत मोजल्या गेल्या असणार. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न होऊन वर्षही झाले नव्हते, संसार सिल्चरला होता आणि मुलगी मनोरमा हिचा जन्म दोन महिन्यांवर आला होता. पुढच्या फेब्रुवारीत मेधावी वारले. त्याच शिरगणतीतले आकडे रमाबाईंनी १८८७ साली फिलाडेल्फियात छापलेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’मध्ये मांडले: एकोणीस वर्षांपर्यंतच्या विधवा ६,६९,१००, त्यांतल्या ७८,९७६ नऊ वर्षांपर्यंतच्या. सरकारी तक्त्याचा इतका धारदार उपयोग त्या काळात फार थोड्यांनी केला असेल.

१ मार्च १९०१ला मोजणीदार केडगावला पोचला तेव्हा त्याची चांगलीच दमछाक झाली असणार. केडगाव आजच्या दौंड तालुक्यातले. रेल्वेलगतच्या या गावी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींमुळे रमाबाईंच्या ‘मुक्ती’ सदनाची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली होती. जन्मस्थानाच्या रकान्यात गुजरात आणि मध्य प्रांत, मातृभाषेत गुजराती, हिंदी. अंधत्वालाही रकाना होता, आणि ‘मुक्ती’त अंध मुलीही शिकत. खुद्द रमाबाई: विधवा, ख्रिस्ती, वय ४२, साक्षर, इंग्रजी येते. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांसाठी रकाना नव्हता!

१८ मार्च १९२१ची मोजणी त्यांची शेवटची. त्या जुलैत मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ला रमाबाई. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.