बटणाला स्वतःचं नाव ठाऊक नसतं

आमच्या हिशेब विभागात एक काका आहेत. एक्सेलमध्ये आकडे इकडून तिकडे नेताना त्यांची बोटं कीबोर्डाकडे न बघता एक ठरलेला तुकडा वाजवतात. आल्ट, मग ई, एस, व्ही आणि एंटर. टक टक टक टक, टक्! एवढ्यानं फॉर्म्युले मागे राहतात आणि नुसती उत्तरं नव्या जागी उतरतात.

परवा मी मुद्दाम त्यांच्या मागे उभा राहून स्क्रीन पाहिला आणि चक्रावलो. कारण हा तुकडा ज्या मेनूसाठी बसवला होता, तो मेनूच आता नाही. ‘ई’ म्हणजे एडिट, ‘एस’ म्हणजे पेस्ट स्पेशल, ‘व्ही’ म्हणजे व्हॅल्यूज. एक्सेलनं २००७ साली मेनूची ती जुनी पट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी चित्रांची रुंद रिबन आणली. तरीही काकांनी आल्ट आणि ई दाबलं की वर एक छोटीशी चौकट उमटते. तुम्ही जुन्या आवृत्तीची बटणं दाबताय, दाबत राहा, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यात लिहिलेलं असतं. वाडा पाडून तिथं सात मजली इमारत उभी राहिली, पण ‘जोशी वाडा’ लिहिलेलं पत्र पोस्टमन अजून बिनचूक पोचवतोय, तसला प्रकार!

हे कसं जमतं? त्यासाठी कीबोर्डाच्या पोटात डोकवावं लागेल.

बटणांच्या खाली तारांची जाळी असते. काही तारा आडव्या, काही उभ्या आणि प्रत्येक बटण एका आडव्या-उभ्या जोडीच्या फुलीवर बसलेलं. थांबा, रो आणि कॉलम? म्हणजे ही स्प्रेडशीटच झाली की! आतली इवलीशी चिप एकेका तारेत वीज सोडून ‘कोणी दाबलंय का, कोणी दाबलंय का’ असं विचारत फिरत असते, सेकंदाला शेकडो वेळा. तुम्ही बटण दाबता तेव्हा अमुक रो आणि तमुक कॉलम जोडले जातात आणि चिप त्या फुलीचा क्रमांक संगणकाला कळवते.

फक्त क्रमांक बरं का, अक्षर नाही. आयबीएमच्या जुन्या पीसीवर इंग्रजी ‘ए’चं बटण दाबलं की ३० हा आकडा जायचा आणि बोट उचललं की १५८, म्हणजे तीसात १२८ मिळवून. बटणावर काय छापलंय याची कीबोर्डाला गंधवार्ता नसते. आणि दाबल्याची बातमी वेगळी, सोडल्याची वेगळी, म्हणून तर कंट्रोल धरून ठेवता येतो. ‘धरून ठेवलाय’ याचा संगणकाच्या लेखी अर्थ इतकाच, की खाली गेल्याची खबर आली आणि वर आल्याची अजून आलेली नाही.

याचा पुरावा मराठी टंकन करणाऱ्यांच्या रोजच्या हाताखाली आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत ज्या बटणावर इंग्रजी ‘सी’ असतो, तिथं ‘म’ उमटतो. मग विंडोजवर मराठी चालू ठेवून कंट्रोल आणि तेच बटण दाबलं तर काय व्हावं? निमूटपणे कॉपी होते. कारण विंडोज दोन स्वतंत्र वह्या ठेवतं. कुठल्या बटणातून कोणतं अक्षर निघतं, ही एक वही. कुठलं बटण कोणत्या नावानं ओळखायचं, ही दुसरी. शॉर्टकट दुसऱ्या वहीतून शोधला जातो, त्यामुळे पहिल्या वहीत ‘म’ असो की ‘ज्ञ’, त्याचं काही बिघडत नाही.

म्हणजे शॉर्टकट ही कुठं कोरून ठेवलेली गोष्ट नव्हेच. वहीतली एक ओळ आहे ती: हे बटण आलं की ते काम कर. आणि वहीतली ओळ बदलता येते!

लिबरऑफिस कॅल्कमध्ये तर ही अख्खी वही उघडून बघता येते. टूल्समध्ये कस्टमाइझ, तिथं कीबोर्ड. डोळ्यांसमोर लांबलचक यादी येते, बटण आणि त्याच्यापुढं त्याचं काम. नको ते खोडा, हवं ते लिहा, जमलेली वही फाइलमध्ये साठवून दुसऱ्या मशीनवर न्या. मॅकवरच्या एक्सेलातही अशी खिडकी आहे. विंडोजवरच्या वर्डमध्येही आहे. आणि विंडोजवरच्या एक्सेलमध्ये? नाही! ज्या प्रोग्रॅमात लोक दिवसदिवस माउसला हात लावत नाहीत, तिथंच नेमकी ती नसावी, याचं मला आजवर नवल वाटत आलंय.

पण वाटा आहेत. सगळ्यात सोपी वाट क्विक ॲक्सेस टूलबारची, म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेला असलेल्या चिमुकल्या पट्टीची. तिच्यात जे काम पहिलं ठेवाल त्याला आपोआप आल्ट-१ मिळतं, दुसऱ्याला आल्ट-२, असं नऊपर्यंत. दुसरी वाट मॅक्रोची. आपण करतो ती कामं एक्सेल बघून लिहून ठेवतं आणि विचारतं, कंट्रोलच्या जोडीला कोणतं अक्षर देऊ? इथं खोडसाळपणे ‘सी’ सांगून बघा. एक्सेल हूं की चूं करत नाही. ती फाइल उघडी असेपर्यंत कंट्रोल-सीनं कॉपी होणार नाही, तुमचा मॅक्रो धावेल.

तिसरी वाट जरा आतल्या गल्लीतली आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते. मॅक्रोच्या भाषेत ‘ऑनकी’ नावाची आज्ञा असते. तिच्यात बटणं चिन्हांनी लिहायची: ^ म्हणजे कंट्रोल, + म्हणजे शिफ्ट, % म्हणजे आल्ट. चिन्हांपुढं बटण आणि मग त्यानं करायचं काम. कामाच्या जागी रिकामं अवतरण ठेवलं तर ते बटण चक्क मुकं होतं. सेल दुरुस्त करायला एफ-२ लागतं आणि शेजारचं एफ-१ चुकून दाबलं की मदतीची खिडकी टपकते. या वैतागापायी एफ-१ उपटून काढणारे लोक आहेत. एका ओळीत जे होतं त्यासाठी बिचाऱ्या कीबोर्डाचा दात कशाला पाडायचा?

एक मेख मात्र ध्यानात ठेवा. मॅक्रोनं शीटमध्ये फेरफार केला की अनडूची साखळी पुसली जाते. मग कंट्रोल-झेड कितीही बडवा, मागचं काही परत येत नाही.

आणि त्या चिन्हांत एंटरसाठी कोणतं चिन्ह आहे, ठाऊक आहे? ~. पाण्याच्या लाटेसारखी ती रेघ. हीच रेघ, याच अर्थानं, १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्येही भेटते. तिथं मॅक्रो लिहायला वेगळी भाषाच नव्हती. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये साध्या मजकुरासारखी बटणं लिहून काढायची: स्लॅश, आर, एफ, सी, २, ~, ~. म्हणजे रेंज, फॉरमॅट, करन्सी, दशांश चिन्हापुढं दोन घरं, एंटर, एंटर. त्या सेलला उलटा स्लॅश आणि एक अक्षर असं नाव दिलं, की आल्ट आणि ते अक्षर दाबताच प्रोग्रॅम तो मजकूर वाचून स्वतःची बटणं स्वतःच दाबत सुटायचा. कोणी शेजारी नसताना पेटी वाजू लागावी तसं!

आता यातला पेच बघा. लोकांनी असे हजारो मॅक्रो लिहून ठेवले, म्हणजे मेनूतल्या पहिल्या अक्षरांवर त्यांची सगळी कामं टांगली गेली. बोरलँड कंपनीनं क्वाट्रो प्रो काढताना लोटसचा मेनू आपल्यातही चालेल अशी सोय केली, नाहीतर ते मॅक्रो घेऊन कोण येणार? लोटसनं १९९० मध्ये दावा ठोकला. भांडण कशावरून? ५० हून जास्त मेनूंत रचलेल्या ४६९ आज्ञांवरून! बोस्टनच्या अपील न्यायालयानं १९९५ मध्ये म्हटलं, की हा मेनू म्हणजे यंत्र चालवण्याची पद्धत आहे, व्हीसीआरवरच्या बटणांसारखी, तिच्यावर कॉपीराइट चालणार नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. एक न्यायमूर्ती बाजूला राहिले आणि उरलेले आठ जण चार विरुद्ध चार असे दुभंगले. बरोबरी झाल्यामुळे १९९६ मध्ये खालचा निकाल कायम राहिला.

आणि तो स्लॅश तरी लोटसचा स्वतःचा कुठं होता? १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्येही आज्ञा द्यायला स्लॅशच दाबावा लागे. तो स्प्रेडशीट प्रोग्रॅम ज्यावर चालायचा त्या ॲपल-२ संगणकाच्या कीबोर्डावर बाणांची बटणं दोनच होती, डावा आणि उजवा. वर-खाली जायचं तर? स्पेसबार दाबायचा, की तेच दोन बाण उभे चालू लागत. पुन्हा दाबला की आडवे. बटण तेच, क्रमांकही तोच, फक्त वहीचं पान उलटायचं!

आज घरी गेलात की एक्सेल उघडा. रिकाम्या सेलवर उभं राहून स्लॅश दाबा, आल्ट नाही, नुसता स्लॅश. वरच्या रिबनवर अक्षरांचे छोटे छोटे बिल्ले उमटतील. मग ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डवर जाऊन पार तळाकडे उतरा. तिथं ‘लोटस कंपॅटिबिलिटी’ असं लिहिलेलं सापडेल आणि त्याखाली मेनू की विचारणारी एक लहानशी चौकट. चौकटीत एकच तिरकी रेघ आहे. ती खोडून तुमच्या पसंतीचं दुसरं चिन्ह टाकलं तरी चालतं.