पेंढ्यापासून इंधन : एका अभियंत्याची वाटचाल आणि आपला हिशेब

नालासोपारा, निर्मळ, वाघोली, आगाशी या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज अभियांत्रिकी शिकतात. पदवी हाती आली की सकाळची लोकल धरून नोकरीला जाणे, हाच मार्ग बहुधा डोळ्यांसमोर असतो. शेतातील दुय्यम व टाकाऊ पदार्थांवर आधारित उद्योग हा दुसरा मार्ग आहे. पुण्यातील एका उद्योगावरून तो समजून घेऊ.

मळीपासून सुरुवात

श्री. प्रमोद चौधरी हे आयआयटी मुंबईचे १९७१ चे यंत्र अभियांत्रिकी पदवीधर. त्यांनी १९८३ साली पुण्यात प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी सुरू केली. साखर कारखान्यात साखर काढून उरणारी मळी, म्हणजे मोलॅसिस, आंबवून त्यापासून मद्यार्क तयार करण्याची यंत्रणा उभारणे, हे या कंपनीचे मुख्य काम. हाच मद्यार्क पाणीविरहित केला की इंधनाचे इथेनॉल होते. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २०२२ साली १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. त्यामुळे ऊस, मका व तांदळाची कणी यांना नवे गिऱ्हाईक मिळाले.

पेंढ्यातून इथेनॉल कसे निघते?

मळीत साखर तयारच असते. पेंढ्यातील साखर मात्र काष्ठमय तंतूंत बांधलेली असते. म्हणून पेंढा बारीक करून उष्णता, वाफ व रसायनांच्या साहाय्याने मोकळा करतात. नंतर विकरे घालून तंतूंचे साखरेत रूपांतर करतात. ही साखर यीस्टने आंबवून ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वेगळे काढतात. उरलेला लिग्निनयुक्त चोथा बॉयलरमध्ये जळणासाठी वापरता येतो.

प्राजच्या तंत्रावर आधारित इंडियन ऑइलचा पानिपत येथील प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. म्हणजे एक टन पेंढ्यापासून साधारण १५० लिटर.

खरी अडचण कच्च्या मालाची

यंत्र बारा महिने चालावे लागते. पेंढा मात्र कापणीनंतर महिना-दीड महिन्यातच मिळतो. तो वजनाला हलका व आकाराने मोठा असल्याने वाहतूक महाग पडते. भिजला तर कुजतो. पंजाब-हरियाणात सलग मोठी शेते असल्याने गठ्ठे बांधणारी यंत्रे चालतात. आपल्याकडील लहान खाचरांत ते तितके सोपे नाही. म्हणून पानिपतसारखा कारखाना वसईत येईल, ही आशा धरू नये.

पेंढा विकण्यापूर्वी

एक टन पेंढ्याबरोबर शेतातून सुमारे ५ ते ८ किलो नत्र व १४ ते २० किलो पालाश निघून जाते. विकताना ही किंमत भावात धरावी. आपल्या भागात पेंढ्यावर पहिला हक्क गुरांचा, दुसरा जमिनीचा आणि उरल्यास कारखान्याचा, हा क्रम योग्य ठरतो.

तरुण अभियंत्यांनी काय करावे?

यंत्राचा आराखडा काढण्यापूर्वी पुढील गोष्टी वहीत मांडाव्यात :

१) पाच किलोमीटरच्या परिघात कोणता टाकाऊ माल, कोणत्या महिन्यात, किती मिळतो?
२) तो आज कोणाच्या उपयोगी पडतो व काय भावाने जातो?
३) त्यात ओलावा किती? साठवण कोठे?
४) तयार माल बारमाही घेणारा कोण?
५) उरलेल्या चोथ्याचे व सांडपाण्याचे काय?

शेवटचा प्रश्न विसरू नये. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर दूषित सांडपाणी निघते. त्याचा बंदोबस्त नसेल तर हरित उद्योगच शेजारच्या विहिरी नासवतो.

आपल्याकडे तबेल्यांचे शेण, केळीचे खुंट व भाजीबाजारातील कचरा आहे. त्यांवर बायोगॅस व खताचा लहान प्रकल्प अधिक जवळचा ठरतो. दोन घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. बाहेर पडणारी मळई पुन्हा वाडीत जाते. मुलगा किंवा मुलगी असा उद्योग काढू म्हणत असेल तर नुसते नाही म्हणू नये. वर्षभराच्या कच्च्या मालाचा हिशेब आधी मागावा, आणि तो मांडायला स्वतः सोबत बसावे. कोणत्या महिन्यात शेतात काय उरते, हे शेतकऱ्याइतके कोणत्याही अभियंत्याला ठाऊक नसते.