घरातलं घरातच, पण घरात आहे कोण?

ऑकलंड शहराच्या दक्षिण कडेला, मानुकाऊ बंदराच्या पाण्याकडे उतरत जाणारं हिल्सबरो. शेजारच्या माउंट रॉस्किलमधल्या दुकानांत पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. मिळत नाही ती आत्या, मामा आणि न विचारता दार उघडून आत येणाऱ्या काकू. सासू-सुनेचं बिनसलं, नोकरी गेली, पुण्यात बाबा पडले. संकटं सगळीकडे तीच. तिथल्या मराठी घरात मात्र ती नवरा-बायको अशा दोनच माणसांच्या अंगावर येतात.

अशा ताणाबद्दलचा पहिला गैरसमज म्हणजे ‘घरातलं घरातच राहावं’. मुळात आपल्याकडे तरी ते घरात कुठे राहत होतं? मामा मध्यस्थी करायचा, मावशी चार दिवस पोरांना घेऊन जायची. ती माणसं वजा झाल्यावर उरते ती नुसती गुप्तता, आणि तिने ताण वाढतोच.

दुसरा समज असा, की जीपी, म्हणजे तिथले फॅमिली डॉक्टर, फक्त ताप-खोकल्यासाठी. न्यूझीलंडने 2019च्या ‘वेलबीइंग बजेट’मध्ये प्राथमिक पातळीवरच्या मानसिक आरोग्यसेवेसाठी चार वर्षांचे 45.5 कोटी डॉलर ठेवले. त्यातून अनेक दवाखान्यांत ‘हेल्थ इम्प्रूव्हमेंट प्रॅक्टिशनर’ बसू लागले. भेट साधारण अर्ध्या तासाची, फी नाही, आणि आजाराचं नाव ठरलेलं असावं लागत नाही. ‘झोप येत नाही, घरात रोज वाद होतात’ एवढं कारण पुरतं. रात्री-अपरात्री 1737 या क्रमांकावर फोन किंवा मेसेज केला, तर प्रशिक्षित समुपदेशक मिळतो, तोही मोफत.

आईबाबा तिथे राहायला आले असतील आणि इंग्रजीत मन मोकळं होत नसेल, तर दहा वर्षांच्या नातवाला दुभाषा करू नये. आजीचं दुखणं त्याने का ऐकावं? 1996पासून लागू असलेल्या रुग्णहक्क संहितेनुसार, गरज असेल आणि व्यवहार्य असेल तिथे सक्षम दुभाषा मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागावा लागतो, एवढंच.

‘समुपदेशकाकडे गेलो तर व्हिसा अडकेल’ ही भीती फार खोल आहे. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत आजारांची चौकशी होते, हे खरं. पण तिथे मुख्यतः पाहतात ते सार्वजनिक आरोग्याला धोका आहे का, उपचारांचा सरकारवर मोठा बोजा पडेल का, हे. घरच्या ताणाबद्दल कुणाशी चार वेळा बोलणं हे व्हिसा नाकारण्याचं कारण नाही. अर्जात विचारलं असेल, तर खरं उत्तर द्यावं. लपवाछपवी जास्त महागात पडते.

‘मुलांना कळत नाही’ असं म्हणून आपण मुलांसमोर अबोला धरतो. मार्क कमिंग्ज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आईबापांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम अनेक वर्षं अभ्यासला. आरडाओरड्याइतकाच अबोलाही मुलांना अस्वस्थ करतो, आणि भांडण मिटताना दिसलं तर ती अस्वस्थता बरीच ओसरते. आपण नेमकं उलटं करतो: भांडण दिवाणखान्यात, समेट बंद दाराआड.

राग बाहेर काढला की मन हलकं होतं, हेही तपासून झालं आहे. ब्रॅड बुशमन यांच्या 2002च्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे अधिकच चिडले. नुसते गप्प बसलेले सर्वांत कमी. तेव्हा हिल्सबरोतल्या पाह होमस्टेडच्या बागेत एक फेरी मारून या, पण फिरताना वहिनींचं वाक्य घोळवू नका.

भारतातल्या फोनबद्दलही असाच एक गैरसमज. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा ऑकलंडमध्ये पहाटेचे साडेचार झालेले असतात. रोज त्या वेळी उठून बाबांची चौकशी करणं म्हणजे सेवा, असं वाटतं. प्रत्यक्षात अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते आणि पहिला बळी नवरा किंवा बायको असते. भावंडांत वार वाटून घ्यावेत.

शेवटचा गैरसमज या सगळ्यांपेक्षा वेगळा आणि धोक्याचा: ‘भांड्याला भांडं लागणारच.’ मारहाण, धमक्या, पगार काढून घेणं, पासपोर्ट लपवणं याला ताण म्हणत नाहीत. न्यूझीलंडच्या 2018च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळ तर येतोच, हुंड्यावरून होणाऱ्या हिंसेचाही स्पष्ट उल्लेख आहे. पीडित कर्मचाऱ्याला 1 एप्रिल 2019पासून वर्षाला दहा दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळू शकते. त्यासाठी साधारण सहा महिन्यांची नोकरी झालेली असावी लागते. आणि ‘व्हिसा त्याच्या नावावर, मग जाऊ कुठे?’ असं वाटणाऱ्या बाईसाठीही वाट आहे: नागरिकाच्या किंवा निवासी व्हिसाधारकाच्या पीडित जोडीदारासाठी वेगळा व्हिसा आहे. 1995मध्ये ऑकलंडमध्ये सुरू झालेली ‘शक्ती’ ही संस्था स्थलांतरित स्त्रियांसाठीच काम करते. जिवावर बेतलं असेल, तर मात्र थेट 111 या आपत्कालीन क्रमांकावर फोन.