खट् आवाज कुठून येतो?

संग्रामपूरहून वरवट बकालकडे सायकल दामटताना दर फेऱ्याला पायाखाली ‘खट्’ होतं. लगेच क्रँकच्या एक्सलवरचे छर्रे बदलू नका. सायकल भिंतीला टेकवा, दोन्ही क्रँक धरून आतबाहेर हलवा. दोन्ही एकदम डुलले, तर एक्सलचा कप सैल. एकच हलला, तर गुन्हेगार तो क्रँक एक्सलला पक्का धरणारी कॉटर पिन. काढून पाहा, सपाट बाजूवर खाच पडलेली दिसेल. तीच पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही, नवी घाला. पण ठोकताना क्रँकखाली लोखंडी टेकू हवाच, नाहीतर मार छर्‍यांना बसतो. तरीही आवाज येत असेल, तर चेनचं चाक पाहा; ते मात्र डोळ्यांनीच तपासायचं. पायडल उलटं फिरवा. दाते फ्रेमच्या नळीशी जवळ-लांब होत असतील, तर चाक वाकलंय. आणि हो, कप फिरवताना ध्यानात ठेवा, उजव्या कपाचे आटे बहुधा उलटे असतात. पान्ह्यावर उगाच लोंबकळू नका.