अंगणात मोहाच्या टोळांचा (फळांचा) सडा पडलाय? कचऱ्यात टाकू नका!

गोंदियाकडे ज्यांच्या दारात मोह आहे, त्यांना हे सांगायला नको: फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटपतात आणि हातोहात उचलली जातात. पावसाच्या तोंडावर मात्र फळं पडू लागतात. पोपट आणि वटवाघळं गर खातात, बिया खाली टाकतात. उरलेला गर आंबला की माश्या आल्याच.

खराट्यानं रोज सकाळी झाडून घ्या. त्याहून सोपं म्हणजे झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरा. पालापाचोळा पेटवून जमीन साफ करायची सवय तर सोडाच. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातले कितीतरी वणवे मोहाखालच्या अशाच आगीतून लागतात.

गोळा केलेल्या बिया फोडून आतला मगज कडक उन्हात वाळवा. ओल राहिली की बुरशी धरते. मग घाण्यावर न्या. वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल मगजात असतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, पण खराब झालेलं नसतं. उरलेली पेंड मात्र तशीच गुरांपुढे टाकू नका. त्यात सॅपोनिन हे विषारी द्रव्य असतं. माशांना तर ते विषच.

रोपं करायची असतील तर ताजं बी लगेच पिशवीत लावा. ओकच्या फळासारखंच हे बी साठवणीत टिकत नाही, काही आठवड्यांत उगवणशक्ती जाते. अंगणात नको तिथे उगवलेलं रोप पहिल्या पावसातच, माती ओली असताना उपटा. सोटमूळ एकदा खोल गेलं की मग कुदळच लागते.