कोंबडीचें खाद्य आणि सूक्ष्म खनिजें

अंड्याचें टरफल पातळ येऊं लागलें, हातांत घेतांच पिचूं लागलें, म्हणजे कोंबड्या पाळणाऱ्या घरांत पहिला उपाय ठरलेला असतो : शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी खाद्यांत वाढवावयाची. हा उपाय निराधार नाहीं. एका टरफलांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें, आणि त्याची भरपाई कोंबडीस खाद्यांतूनच करावी लागते. परंतु कित्येकदां चुना भरपूर असूनहि टरफल सुधारत नाहीं. असें कां व्हावें, हें ज्या शोधामुळें समजूं लागलें, तो शोध मुळांत अंड्यांविषयींचा नसून पिलांच्या पायांविषयींचा होता.

१९३० च्या सुमारास अमेरिकेंत कोंबड्या मोकळ्या अंगणांतून उचलून बंदिस्त जागेंत वाढविण्याची पद्धत पसरत होती. अशा पिलांत एक विकार वारंवार दिसूं लागला. पिलाचा घोटा सुजे, त्यामागील कंडरा जागेवरून निसटे आणि पाय वांकडा होऊन पिलूं लंगडें होई. हाडांचा विकार म्हणून खाद्यांत हाडांचा चुरा वाढवावा, तों रोग अधिकच बळावे! कॉर्नेल विद्यापीठांतील विल्गस, नॉरिस व ह्यूझर या संशोधकांनीं १९३६ सालीं या कोड्याचा उलगडा केला. खाद्यांत मँगॅनीज या धातूच्या क्षाराचा अत्यल्प अंश मिसळतांच रोग टळला. कॅल्शियम व फॉस्फरस यांचा अतिरेक झाला, कीं आंतड्यांत मँगॅनीज नीट शोषलें जात नाहीं. म्हणजे जें औषध म्हणून दिलें जात होतें, तेंच रोगाला हातभार लावीत होतें.

अंडीं घालणाऱ्या कोंबडीस मँगॅनीज कमी पडलें, तर अंडीं घटतात व टरफल कच्चें राहतें. कारण टरफल म्हणजे नुसता चुना नव्हे. प्रथिनें व शर्करा यांच्या एका नाजूक जाळ्यावर चुन्याचे कण बसतात, आणि तें जाळें विणण्यास मँगॅनीज लागतें. चुन्याचा कार्बोनेट तयार होण्यास जें किण्व साहाय्य करतें, त्यांत जस्त असतें. चुना हा सामानाचा सांठा मानला, तर हीं सूक्ष्म खनिजें म्हणजे तें सामान रचणारे कारागीर होत.

याहून गंभीर परिणाम अंड्याच्या आंत होतो. उबवणीच्या २१ दिवसांत पिलास बाहेरून हवेखेरीज कांहींहि मिळत नाहीं. आईनें जो शिधा अंड्यांत बांधून दिला, तेवढ्यावरच त्यास हाडें, पंख व चोंच घडवावयाचीं असतात. त्या शिध्यांत मँगॅनीज नसेल, तर गर्भाचे पाय आंखूड राहतात, चोंच पोपटासारखी वळते आणि बहुधा तो टरफलाबाहेर येण्यापूर्वींच मरतो.

परसांत उकरीत हिंडणारी कोंबडी माती, किडे, हिरवा पाला यांतून आपली गरज पुष्कळशी भागविते. पिंजऱ्यांतील कोंबडीस मात्र भांड्यांत पडेल तेवढेंच मिळतें. त्यांतहि मक्यांत मँगॅनीज फारच थोडें असतें; गव्हाच्या व भाताच्या कोंड्यांत तें पुष्कळ असतें. धान्यांतील फायटिक आम्ल जस्तास बांधून ठेवतें, म्हणून धान्यांत असलेलें जस्तहि सगळें अंगीं लागत नाहीं. जमिनीपासून तोडलेल्या कोंबडीस ही खनिजें वेगळीं द्यावीं लागतात, तीं याच कारणानें.

तथापि येथें ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय चालत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं दिलेल्या कोष्टकाप्रमाणें, रोज १०० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पांढऱ्या अंड्यांच्या कोंबडीस दर किलोग्रॅम खाद्यांत मँगॅनीज २० मिलिग्रॅम, जस्त ३५ मिलिग्रॅम आणि सेलेनियम अवघें ०.०६ मिलिग्रॅम लागतें. या सेलेनियमचीच कथा बोधप्रद आहे. अमेरिकेंतील दक्षिण डकोटा राज्याच्या कांहीं भागांत जमिनींतच तें फार आहे. तेथील धान्यावर पोसलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतील गर्भ विद्रूप होऊन मरतात, असें १९३५ च्या सुमारास संशोधकांस आढळलें. पुढें १९५७ सालीं याच विषाचा लेशमात्र अंश प्राण्यांच्या आरोग्यास आवश्यक असल्याचें दिसून आलें. तो व ई जीवनसत्त्व, दोन्हीं कमी पडलीं, तर पिलांच्या कातडीखालीं पाणी सांठतें.

म्हणून हीं खनिजें हाताच्या चिमटीनें अंदाजें टाकणें धोक्याचें आहे. तयार मिश्रण सांगितलेल्या मापानेंच घ्यावें. तें प्रथम मूठभर कोंड्यांत, मग त्याहून अधिक कोंड्यांत व शेवटीं सर्व खाद्यांत कालवावें, म्हणजे एकीच्या वांट्यास सारें व दुसरीच्या वांट्यास कांहींच नाहीं, असें होत नाहीं. आणि टरफल पिचूं लागलें, तर चुन्याची आणखी एक मूठ टाकण्यापूर्वीं, खाद्यांत चुन्याखेरीज काय आहे व काय नाहीं, याची चौकशी आधीं करावी.